सायलस हारग्रोव्हचा शब्द आणि ओडेलचा स्टेक

सायलस हारग्रोव्ह अटलांटातल्या एका जुन्या हॉटेलच्या दारावर एकतीस वर्षं उभा होता, आणि त्यातली बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी लोकांच्या बॅगा उचलत होतो. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क त्याच्या बायकोनंतर माझाच. बायको काही सांगणार नाही. सांगायला बसली की तिला अजून राग येतो.

दार उघडायचं, छत्री धरायची आणि म्हाताऱ्या बायकांना पायरी उतरवायची याचा त्याला पगार मिळे. पण लोक त्याला ओळखायचे ते दुसऱ्याच कामासाठी. बाहेरगावचा माणूस खोलीत सामान टाकून खाली यायचा आणि विचारायचा, "मिस्टर सायलस, आज जेवायला कुठे जाऊ?" हल्ली लोक फोनवर चांदण्या मोजून जेवायला जातात. तेव्हा चांदण्या नव्हत्या, सायलस होता.

"स्टेक हवाय? मग ग्रीकाच्या खाणावळीत जा, रेल्वे पुलापलीकडे," तो म्हणायचा. "हाडासकट मागवा. बटाटा मागवू नका, बटाटे तो सकाळीच करून ठेवतो."

"आणि या कोपऱ्यावरचं कसं आहे? बाहेर घोड्याचं चित्र आहे ते?"

"घोडा चांगला काढलाय, साहेब."

एवढंच. कुणाची निंदा नाही, कुणाची वाहवा नाही. पण ग्रीकाकडून परत येणारी माणसं पट्टा एक भोक सैल करून यायची आणि त्याचा हात दाबून झोपायला जायची.

या शब्दामागे त्याचा एक नियम होता. कुठल्याही ठिकाणाचं नाव घ्यायचं तर आधी तिथे दोनदा जेवायचं. एकदा मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, आणि एकदा शनिवारी संध्याकाळी, श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा. हॉटेलचा कोट घरी ठेवायचा, कोण आहोत ते सांगायचं नाही, पैसे स्वतःचे द्यायचे. फुकट घास खाल्ला की जीभ विकली गेली, असं त्याचं म्हणणं. एका नाताळात एका दुकानदाराने त्याला अख्खी धुरी दिलेली डुकराची मांडी पाठवली, तर हा बाबा ती दोन बस बदलून परत देऊन आला. मी म्हटलं, "अरे, मला दिली असतीस, माझी जीभ कुणी विचारत नाही." तर म्हणतो, "तू माझ्या शेजारी उभा राहतोस, थर्मन." माझा तो नाताळ कोंबडीवर गेला, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता या नियमाचा फटका कुणाला बसला असेल तर त्याच्या बायकोला, ओडेलला. ओडेलने एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं होतं. आमच्या चर्चमध्ये कुणी गेलं की मयताच्या घरी सगळ्या बायका भांडी भरभरून जेवण न्यायच्या, प्रत्येकीने आपल्या भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली. ओडेलचं भांडं सगळ्यात आधी रिकामं व्हायचं. पास्टरपासून सगळे तिचं नाव घ्यायचे. घरातला एकटा माणूस घ्यायचा नाही. घरचं जेवण फुकट, म्हणून त्याच्यावर मत द्यायचं नाही, असा त्याचा हिशोब. जेवायचा पोटभर, आणि ताट उचलून मोरीत ठेवायचा.

"चौतीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं खातोय," ती मला म्हणायची. "देवाने याला तोंड दिलंय ते फक्त चावायला. सगळ्या अमेरिकेला सांगतो कुठे काय चांगलं आहे. मला मीठ कमी झालं की जास्त, तेवढं सांगायला याच्या जिभेला काटे येतात."

नोकरीतून सुटल्यावर ओडेलने शहराच्या पश्चिमेला एक बंद पडलेलं चांभाराचं दुकान भाड्याने घेतलं आणि आठ टेबलांची खाणावळ काढली. आमच्याकडची खाणावळ असते तशीच, एक मांस आणि तीन भाज्या. मांस रोजचं वेगळं. भाज्या म्हणजे सलगमच्या पानांची भाजी, चवळी, मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी, आणि चीज घातलेली मॅकरोनी, जी आमच्याकडे भाजीतच मोजतात आणि कुणी हसत नाही. सोबत लोखंडी तव्यातला मक्याचा पाव आणि गार गोड चहा. सलगमची पानं ती पहाटे तीन पाण्यांतून धुवायची, धुरी दिलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर चार तास मंद आचेवर ठेवायची आणि उतरवताना वरून मिरचीचं व्हिनेगर शिंपडायची. त्या भांड्यातलं पाणी पावाने टिपून खाताना मी मोठमोठ्या माणसांना गप्प झालेलं पाहिलं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. पण ओडेलने फळ्यावर खाली आणखी एक ओळ लिहिली होती: स्टेक. आणि तो स्टेक ही एक शिक्षा होती.

त्यात तिचा एकटीचा दोष नाही. आम्ही सगळे खेड्यांतून आलेल्यांची पोरं. आमच्या आईबापांच्या घरी गाय कापली जायची ती दूध आटल्यावर, पाय मोडल्यावर, म्हातारी होऊन. ते मांस शिजवायचं म्हणजे शिजवायचंच. आतून गुलाबी दिसलं की आजी म्हणायची, ही अजून उठून गोठ्यात जाईल. ओडेल तेच शिकली. खाटकाकडून चांगला जाड, चरबीच्या रेघा असलेला तुकडा आणायची, आणि त्याचं पायताण करून वाढायची. चर्चची माणसं आवडीने खायची, कारण त्यांच्याही आज्या तशाच होत्या. चुकून बाहेरचा कुणी आला तर तो फळ्यावरचा सगळ्यात महाग पदार्थ म्हणून नेमका स्टेक मागवायचा, अर्धा चावायचा आणि पुन्हा दिसायचा नाही.

"फळ्यावरून काढून टाक ना, मिस ओडेल," मी एकदा म्हटलं. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात. मी दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तिच्याकडे जेवायला असायचो.

"का म्हणून? शहरात येणारा माणूस स्टेक विचारतो. तुझा मित्रच सांगत असतो ना सगळ्यांना, स्टेकला इथे जा, स्टेकला तिथे जा."

"मग थोडा आधी उतरव."

"माझ्या दुकानात रक्त वाढलं जाणार नाही, थर्मन. ज्याला रक्त प्यायचंय त्याने दवाखान्यात जावं."

खाणावळ रविवारी चर्च सुटल्यावर भरायची आणि सोमवार ते शनिवार ओडेल आणि माश्या. शरद गेला, हिवाळा गेला. मार्चमध्ये तिने मला सांगितलं की तिने स्वतःला ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर आठवड्याच्या दुपारी टेबलं भरली नाहीत तर घरमालकाला किल्ली परत. हे सांगताना ती टेबल पुसत होती, आणि तेच टेबल तिने तीनदा पुसलं.

चर्चमध्ये तर लोकांना विषयच मिळाला. सिस्टर लव्हेनिया म्हणून एक आहे, नन नव्हे, चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो; तिला बोलायला कारण लागत नाही. ती पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "ओडेल, तुझा नवरा रोज पन्नास माणसांना जेवायला धाडतो म्हणे. त्यातला एकही रस्ता चुकून तुझ्याकडे येत नाही?"

ओडेलने टोपी सारखी केली. "त्याच्या कामात मी पडत नाही," म्हणाली. पण त्या दिवशी तिने घरी जाताना बसमध्ये सायलसच्या शेजारची जागा सोडून माझ्या शेजारी बसणं पसंत केलं. मला खिडकीशी चेंगरून बसावं लागलं, आणि नवरा पुढे एकटाच.

दुसऱ्या दिवशी दारावर मी त्याला धरलं. "तुझ्या एका शब्दाने तिचं दुकान चालेल. तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"ती माझी बायको आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

"म्हणूनच सांगता येत नाही. उद्या लोक म्हणतील, हा बायकोची खाणावळ चालवतो. मग ग्रीकाबद्दल सांगितलेलंही खोटं ठरेल. एकतीस वर्षांत माझ्याकडे एवढी एकच गोष्ट जमली आहे, थर्मन. घर भाड्याचं आहे, कोट हॉटेलचा आहे."

त्याचं खरं होतं, आणि त्याचं खरं असलेलं मला आवडत नाही. म्हणून मी दिवसभर त्याच्याशी तुटक वागलो.

पुढच्याच मंगळवारी दुपारी सायलस हॉटेलमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन निघाला. कोट खुंटीवर ठेवला, साधी टोपी घातली. कुठे गेला ते मला गुरुवारी ओडेलच्याच तोंडून कळलं, आणि तेही भांडी आपटण्याच्या आवाजातून वाट काढत.

तो तिच्या खाणावळीत गेला होता. दारातून आत आला, टोपी काढली आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी अनोळखी माणसासारखा बसला. ओडेलला आधी वाटलं घरी काही झालं. मग त्याने फळा वाचायला घेतला आणि तिच्या लक्षात आलं.

"काय घेणार, साहेब?" ती म्हणाली. तिनेही मागे हटायचं नाही असं ठरवलं असावं.

"स्टेक. आत गुलाबी ठेवा. आणि पानांची भाजी, चवळी, भेंडी."

"आमच्याकडे स्टेक एकाच तऱ्हेने मिळतो."

"ज्या तऱ्हेने मिळतो त्या तऱ्हेने द्या, बाई."

ती स्टेक घेऊन आली. त्याने एक तुकडा कापला, चावला, बराच वेळ चावला, आणि ताटली तिच्या हातात परत दिली. "हा फार शिजलाय," म्हणाला. सिस्टर लव्हेनिया नेमकी पलीकडच्या टेबलावर होती. ओडेलच्या म्हणण्याप्रमाणे तिने काटा अर्ध्यावर धरून ठेवला होता तो तोंडात घालायचीही तिला शुद्ध नव्हती. सायलसने तीन भाज्या संपवल्या, पावाने ताटली पुसली, पैसे ठेवले आणि "धन्यवाद, बाई" म्हणून निघून गेला. भाजीबद्दल अवाक्षर नाही.

"माझ्याच दुकानात," ओडेल म्हणाली. "माझा स्टेक. परत."

"मग रात्री काय बोलला?"

"रात्री मी त्याला उकडलेलं अंडं दिलं. तेही गप खाल्लं."

शनिवारी संध्याकाळी तो पुन्हा गेला. या वेळी स्टेक मागवला नाही. तळलेली कोंबडी आणि त्याच तीन भाज्या. पुन्हा ताटली चकचकीत, पुन्हा पैसे, पुन्हा "धन्यवाद, बाई". ओडेल आता रागाच्या पलीकडे गेली होती. ईस्टरला पंधरा दिवस उरले होते आणि नवरा गिऱ्हाईक होऊन येत होता.

मी सोमवारी त्याला म्हटलं, "झालं ना दोनदा? मंगळवार झाला, शनिवार झाला. आता सांग लोकांना."

"दोनदा पैसे देऊन जेवलो म्हणून ती बायको नाही असं होतं का?"

"मग गेलास कशाला तिचं डोकं फिरवायला?"

त्याने कोटाची बाही झटकली. "चौतीस वर्षं तिच्या हातचं खातोय. मला वाटायचं, सवयीने आवडत असेल. पैसे मोजून, परक्यासारखं बसून खाल्लं की कळतं."

"काय कळलं?"

तेवढ्यात एक मोटार लागली आणि तो दार उघडायला गेला. परत आल्यावर मी तोच प्रश्न विचारला, तर म्हणाला, "बॅग पडतेय तुझी." पडत नव्हती.

बुधवारी मिस्टर क्विगली आले. हे नेब्रास्काचे, गुरांचे व्यापारी, दर वर्षी त्यांच्या धंद्याचं संमेलन असायचं तेव्हा आमच्याकडेच उतरायचे. मांसातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं माझ्या ओळखीत कुणाला कळत नव्हतं. पहिल्या रात्री ते नेहमीप्रमाणे ग्रीकाकडे गेले आणि सुखाने परत आले. दारात थांबून सायलसला म्हणाले, "स्टेक झाला. स्टेक मला माझ्या गावीही मिळतो. उद्या दुपारी इथलं काहीतरी खायचंय, तुम्ही लोक घरी खाता तसं. नेहमीच्या त्या बाईंकडे जाऊ का?"

नेहमीच्या म्हणजे एका म्हाताऱ्या बाईची जागा होती, सायलस वर्षानुवर्षं लोकांना तिथे पाठवायचा. पण ती बाई मुलीकडे राहायला गेली होती आणि नवा मालक डब्यातली भाजी गरम करून वाढायला लागला होता. सायलसने ते नाव डिसेंबरातच सोडलं होतं. नवं नाव अजून धरलं नव्हतं.

मी गाडीवर सात बॅगा रचत होतो आणि मधे एक प्रवासी बस घरघरत उभी होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं नाही. पण दिसलं. सायलसने टोपी काढली. दारावर असताना तो टोपी काढत नसे. मग तो बोलायला लागला आणि बराच वेळ बोलला. त्याचं सांगणं एका वाक्यात संपायचं, दोन झाली तर खूप. क्विगली साहेब मान वाकवून ऐकत होते, एकदा हसले, मग पुन्हा गंभीर झाले. बस गेली तोवर बोलणं संपलं होतं आणि टोपी डोक्यावर परत गेली होती.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"रस्ता सांगितला," तो म्हणाला.

दुसरा दिवस गुरुवार, माझी सुट्टी. बाराच्या सुमारास मी ओडेलकडे जाऊन बसलो. मी, एक पोस्टमन, आणि सहा रिकामी टेबलं. साडेबाराला दार ढकलून क्विगली साहेब आत आले, मला ओळखून मान हलवली आणि फळा वाचू लागले. ओडेल हात पुसत पुढे आली.

"या साहेब. स्टेक देऊ?"

"नको," ते म्हणाले. "मला स्टेक घेऊ नका म्हणून सांगितलंय."

ओडेलचा चेहरा दगड झाला. "कोणी?"

"हॉटेलच्या दारावरच्या माणसाने. तुमच्या नवऱ्याने. त्याने आधी तेच सांगितलं, की ती माझी बायको आहे, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. माझा शब्द तिथे चालत नाही असं समजा. स्वतः जा, खा, आणि खोटं वाटलं तर दारावर येऊन चारचौघांत मला सांगा."

पोस्टमनने चमचा खाली ठेवला. ओडेलने दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळले.

"आणि स्टेक घेऊ नका म्हणाला."

"हो. म्हणाला, स्टेक तिला येत नाही आणि येणारही नाही."

"बरं," ओडेल म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि मी खुर्ची थोडी मागे घेतली. "मग पाठवलं कशाला?"

"पानांच्या भाजीसाठी. म्हणाला, मी या शहरात एकतीस वर्षं पैसे मोजून जेवतोय, वर, खाली, श्रीमंतांकडे, गरिबांकडे. इतकी चांगली पानांची भाजी मला कुठेही मिळालेली नाही. चवळीचंही तसंच. मी चौतीस वर्षं गप्प राहिलो, कारण मला खात्री करून घ्यायची होती, असं म्हणाला."

ओडेलने वळून चुलीवरच्या भांड्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "शहरात म्हणाला, का या भागात?"

"शहरात."

"नीट आठवा, साहेब. तो शब्द मोजून वापरतो."

"शहरात, बाई. दोनदा म्हणाला."

ओडेलने जवळची खुर्ची ओढली आणि बसली. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. रडली वगैरे नाही, एप्रनचा कोपरा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. क्विगली साहेब भला माणूस, तेही तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि वाट बघत राहिले. शेवटी मीच उठून त्यांना वाढलं. त्यांनी भाजी दोनदा घेतली, पाव चार, आणि जाताना म्हणाले की उद्या संमेलनातली माणसं घेऊन येतो. शुक्रवारी अकरा जण आले. शनिवारी काही आले ज्यांना त्या अकरांनी पाठवलं होतं. ईस्टर आला आणि गेला, किल्ली ओडेलकडेच राहिली, आणि आज तिथे जेवायचं तर साडेअकराला जावं लागतं. स्टेक अजून फळ्यावर आहे. चर्चची माणसं अजून आवडीने खातात.

पण मला त्या गुरुवारबद्दलच सांगायचं होतं. मी निघालो तेव्हा ओडेल चुलीपाशी उभी होती, पाठ माझ्याकडे.

"हॉटेलवरून जाणारेस?" तिने विचारलं.

"सुट्टी आहे माझी. पण जाईन."

"मग त्याला सांग, स्टेकमधलं त्याला काही कळत नाही."

मी वाट वाकडी करून गेलो. सायलस दारावर होता. मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्याने मान हलवली, जणू याची त्याला कल्पनाच होती. मग दाराची पितळी मूठ पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

"आणि भाजीचं काही म्हणाली?"

"भाजीचं काही नाही म्हणाली," मी म्हटलं. "खाली बसली."

"दुपारी?"

"साडेबारा वाजता. दहा मिनिटं तरी."

सायलसने मूठ सोडली. वळला, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि बोटं तोंडात घालून टॅक्सीसाठी जोरात शिट्टी मारली. टॅक्सी लगेच आली. तिच्यात बसायला कुणीच नव्हतं.